सोबत कोण आलंय?

"सोबत कोण आलंय?" सिस्टरने विचारलं. तिच्या एका हातात थेंबांची बाटली होती, दुसऱ्या हातात माझा केसपेपर.

"मुलगा आलाय. खाली उभा आहे," मी म्हणालो.

मुलगा खाली नव्हता. तो भिवंडीच्या गोदामात कामावर होता आणि त्याला मी सांगितलंही नव्हतं. त्याचा खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार. बायकोचे गुडघे दुखतात, रेल्वेच्या पुलाचे जिने तिला चढवत नाहीत. शिवाय मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. डोळे तपासून भायखळ्याहून मुंब्र्याला यायला मला कुणाची सोबत कशाला हवी, असा ताठाही होताच. म्हणून खोटं बोललो.

सिस्टरने दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. दहा मिनिटांनी पुन्हा टाकले. डोळे मिटून बसा म्हणाली. अर्ध्या तासाने केसपेपर उघडून पाहिला, तर अक्षरं पुसल्यासारखी झाली होती. माझं स्वतःचं नावही वाचता येईना. डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधून, हातात भिंग धरून डोळ्याच्या आत पाहिलं. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. मग म्हणाले, "पडदा स्वच्छ आहे. शुगर सांभाळा. दरवर्षी याच महिन्यात यायचं, काही त्रास नसला तरी यायचं."

इतकी चांगली बातमी घेऊन मी दाराबाहेर पाऊल टाकलं आणि तिथेच थांबलो.

ऑक्टोबरची दुपार होती. समोरचा रस्ता दिसतच नव्हता, फक्त उजेड दिसत होता. गाड्यांच्या काचा, कुणाच्या दुचाकीचा आरसा, पांढरा सदरा, प्रत्येक वस्तू डोळ्यांत टोचत होती. पाणी यायला लागलं. एका पानाच्या टपरीच्या सावलीत जाऊन कपाळावर हात धरून उभा राहिलो. आपण उजेडाला चांगलं आणि अंधाराला वाईट म्हणत आलो. त्या दिवशी उजेडाने मला जागेवर खिळवून ठेवलं.

तिथे उभ्या उभ्या मला इब्न अल-हैसम आठवला. शिक्षकाची सवय, दुसरं काय!

हा इसवी सन ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेला आणि पुढे कैरोत राहिलेला विद्वान. त्याच्या आधी हजार-बाराशे वर्षं मोठमोठी माणसं एका प्रश्नावर वाद घालत होती: आपल्याला दिसतं कसं? युक्लिड आणि टॉलेमी यांचं म्हणणं असं की, डोळ्यातून किरण बाहेर निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. बगदादच्या अल-किंदीनेही हीच बाजू घेतली होती. दुसरी बाजू म्हणे की, वस्तूकडूनच काहीतरी डोळ्याकडे येतं. पण ते काय आणि कसं, याचं नीट उत्तर कुणाकडे नव्हतं.

इब्न अल-हैसमने 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक साधी गोष्ट मांडली. फार तीव्र उजेडाकडे पाहिलं की डोळा दुखतो. प्रखर उजेड पाहून अंधाऱ्या जागी नजर नेली, तरी त्या उजेडाचा आकार काही वेळ डोळ्यासमोर राहतो. म्हणजे उजेड डोळ्यावर काहीतरी करतो. डोळ्यातून काही बाहेर जात असतं, तर सूर्याकडे पाहून डोळा दुखला का असता? मग पुढे त्याने गणित मांडलं, प्रयोग रचले आणि प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो हे जागेवर बसवलं.

या ग्रंथाचं पुढे लॅटिनमध्ये भाषांतर झालं. १५७२ मध्ये ते बाझेल शहरात छापलं गेलं. १६०४ मध्ये केप्लरने प्रकाशावर जे पुस्तक लिहिलं, ते याच परंपरेशी हुज्जत घालत लिहिलं आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आपल्याकडे 'सगळं आमच्या लोकांनी आधीच शोधलं होतं' म्हणण्याची हौस सगळ्याच समाजांना आहे. इब्न अल-हैसमला वाटत होतं की डोळ्यातलं भिंग पाहण्याचं काम करतं. चित्र मागच्या पडद्यावर उमटतं, हे केप्लरने सांगितलं. एकाने दार उघडलं, दुसरा आत गेला. इतिहास बहुतेक वेळा असाच पुढे सरकतो.

पण टपरीच्या सावलीत मला पटला तो पहिलाच मुद्दा. डोळा दुखतो, म्हणून उजेड आत येतो. उन्हात आपली बाहुली दोनेक मिलिमीटरची होते. थेंबांनी ती आठ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळा पट. सोळा दारं एकदम उघडी, आणि बंद करण्याची कडी निकामी. हजार वर्षांपूर्वीचा पुरावा मी डोळ्यांत घेऊन उभा होतो आणि मला रस्ता ओलांडता येत नव्हता.

शेवटी एका बाईंच्या मागोमाग ओलांडला. त्या थांबल्या की मी थांबायचो, त्या चालल्या की चालायचो. त्यांना कळलंही नसेल.

स्टेशनचा जिना उतरताना शेवटची पायरी आहे की संपली, हे पायानेच चाचपडून पाहिलं. इंडिकेटरवरच्या दिव्यांभोवती तेजाची वर्तुळं झाली होती, अक्षरं त्यांतच विरघळली होती. मोबाइल काढला तर पडदा नुसता पांढरा. मुलाचा नंबर लावावा म्हटलं, तर नाव सापडेना. स्लो गाडी आली असं लोकांच्या बोलण्यावरून कळलं आणि चढलो. दुपारची वेळ असल्यामुळे बसायला जागा मिळाली.

गाडीत डोळे मिटून बसलो आणि या थेंबांचा विचार करत राहिलो.

बाहुली मोठी करणारं औषध आपल्या ओळखीच्या झाडात आहे. गावाच्या कडेला, उकिरड्यावर धोतरा उगवतो. तो उपटून कुणी तोच हात डोळ्याला लावला, तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते. वाटसरूंना धोतरा घालून लुटणाऱ्यांच्या हकीकती ब्रिटिश काळातल्या नोंदींत आहेत. युरोपात याच कुळातलं बेलाडोना. नावाचा अर्थ सुंदर स्त्री. बाहुली मोठी असली की डोळे सुंदर दिसतात म्हणून तिथल्या बायका त्याचा रस डोळ्यांत घालत, असं सांगतात. लिनियसने १७५३ मध्ये त्याच झाडाला 'अट्रोपा' नाव दिलं. अट्रोपॉस ही ग्रीक कथांतली आयुष्याचा धागा कापणारी देवता. सौंदर्य आणि मरण एकाच नावात, कारण मात्रा चुकली की ते विषच. १८३१ मध्ये माइन नावाच्या जर्मन औषधनिर्मात्याने त्यातलं मूळ द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. तेच अट्रोपिन.

अट्रोपिन डोळ्यात घातलं की बाहुली आठवडाभर किंवा त्याहून जास्त मोठी राहते. मी आज तीन-चार तासांच्या कल्पनेने बेजार झालो होतो. त्या काळचा रुग्ण दवाखान्यातून निघाला, तो पुढचे सात-आठ दिवस याच उजेडात. सुईत दोरा ओवणं नाही, चिठ्ठी वाचणं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होमॅट्रोपिन आलं आणि आठवड्याचे एक ते तीन दिवस झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ट्रॉपिकामाइड आलं आणि दिवसांचे तास झाले. माझ्या डोळ्यांत बहुधा तेच होतं. २०२३ मध्ये अमेरिकेत फेन्टोलामिनच्या थेंबांना मंजुरी मिळाली, तपासणी झाल्यावर ते घातले की बाहुली लवकर पूर्ववत होते. म्हणजे पाहा, या थेंबांचा दोनशे वर्षांचा इतिहास एका बाजूने वाचला तर तो औषधाचा इतिहास आहे. दुसऱ्या बाजूने वाचला तर रुग्णाची घरी जायची वाट थोडी थोडी सोपी होत गेल्याचा इतिहास आहे.

"काका, बरं वाटत नाही का?"

समोर कुणी तरुण मुलगा बसला होता. चेहरा नीट दिसत नव्हता, मांडीवर बॅग होती.

"डोळ्यांत थेंब घातलेत बाळा. तपासणी करून आलोय."

"एकटेच आलात? उतरायचं कुठे?"

"मुंब्रा."

"मी मुलुंडला उतरणार. तोवर सांगत जातो."

आणि खरंच तो सांगत राहिला. गाडीतली घोषणा मलाही ऐकू येत होती, पण त्याने दिलेला शब्द पाळला. विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी. मध्ये त्याने विचारलं, "आमच्या आजीलापण असंच करतात. पण ती जायचंच नाही म्हणते. का ओ?"

मी त्याला काहीतरी उत्तर दिलं. खरं उत्तर मला माहीत होतं, ते देववलं नाही. ते इथे लिहितो.

माझ्या अम्मीला शुगर होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. अम्मी एकदा एकटीच गेली. तिथे हाच प्रश्न विचारला, सोबत कोण आलंय? कुणी नाही म्हटल्यावर, घरच्यांना घेऊन या म्हणून परत पाठवलं. त्यांचं काही चुकलं नाही. थेंब घालून एका म्हाताऱ्या बाईला मुंबईच्या रस्त्यावर एकटं कसं सोडणार? अम्मी घरी येऊन म्हणाली, "तुला सुट्टी मिळेल तेव्हा जाऊ." मी दहावीचे पेपर तपासत होतो. पेपर झाले की जाऊ म्हणालो. मग शाळा सुरू झाली. मग ईद आली. मग सहामाही परीक्षा. अम्मीला दिसत तर होतं, तांदूळ निवडत होती, कुराण वाचत होती. मग घाई कशाची?

दोन वर्षांनी एका सकाळी ती म्हणाली, "डाव्या डोळ्यापुढे कोळ्याचं जाळं आलंय, पुसलं तरी जात नाही." ते जाळं नव्हतं, आत रक्त उतरलं होतं. त्या दिवशी मी रजा काढली, रिक्षा केली, सगळं केलं. डॉक्टर चांगले होते. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "थोडं आधी यायला हवं होतं."

शुगरचा हा आजार दबक्या पावलांनी येतो. पडद्यावरच्या बारीक शिरा गळायला लागतात, तेव्हा दुखत नाही आणि दिसणंही कमी होत नाही. जेव्हा दिसणं कमी होतं, तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. म्हणून त्रास नसताना आत डोकावून पाहावं लागतं. आणि अरुंद बाहुलीतून पाहणं म्हणजे कुलपाच्या भोकातून खोली पाहणं, कडेचे कोपरे दिसत नाहीत. थेंब त्यासाठी.

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहणं हीसुद्धा फार जुनी गोष्ट नाही. बगदादच्या हुनैन इब्न इसहाकने नवव्या शतकात डोळ्यावर दहा प्रकरणं लिहिली. अरबीत डोळ्याच्या वैद्याला 'कह्हाल' म्हणत, 'कुहल' म्हणजे सुरमा, त्यावरून आलेला शब्द. अली इब्न ईसा हा बगदादचा नामांकित कह्हाल. इब्न अल-हैसमच्या काळातच, खलिफा अल-हाकिमच्या इजिप्तमध्ये, अम्मार अल-मौसिली पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची रीत लिहून ठेवत होता. पण यांपैकी कुणीही जिवंत डोळ्याचा पडदा पाहिला नव्हता. बाहुली त्यांना काळीच दिसायची. पाहणाऱ्याचं डोकंच उजेडाच्या आड यायचं, हे त्याचं कारण. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने काचेच्या पट्ट्या तिरक्या बसवून उजेडाची वाट आणि नजरेची वाट एक केली, आणि पहिल्यांदा तो पडदा आणि त्यावरच्या शिरा दिसल्या.

पुढची गोष्ट आणखी विलक्षण आहे. १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून एका विद्यार्थ्याचा पडदा भाजला. मायर-श्विकेराथ नावाच्या जर्मन डॉक्टरने तो डाग पाहिला आणि त्याच्या मनात आलं, उजेड भाजू शकतो तर हव्या त्या ठिकाणी भाजून बरंही करू शकेल. सुरुवातीला त्याने चक्क सूर्यप्रकाशच वापरला. मग दिवे आले, मग लेझर आला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं की, शुगरने बिघडलेल्या पडद्यावर वेळेत असे उपचार केले तर गंभीर अंधत्वाचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो. इब्न अल-हैसमने ज्या दुखण्यातून उजेडाची वाट ओळखली, त्याच दुखवणाऱ्या उजेडाचं औषध झालं.

१९७६. अम्मीच्या डोळ्यात रक्त उतरलं त्याच्या कितीतरी वर्षं आधी. उपचार होता, दवाखाना होता, पैशांचीही सोय झाली असती. दुपारी तिचा हात धरून घरी आणायला कुणी नव्हतं, एवढीच अडचण होती. आणि तो कुणी मी होतो.

त्याच १९७६ साली मदुराईला डॉ. वेंकटस्वामींनी अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. त्यांची माणसं गावोगाव शिबिरं घेत, मोतीबिंदूचे रुग्ण निवडत, शस्त्रक्रियेला या म्हणून सांगत. शस्त्रक्रिया फुकट, तरी कितीतरी लोक येईनात. चौकशी केली तेव्हा कळलं की लोक अडाणी नव्हते, हिशेबी होते. बसभाडं कोण देणार, जेवणाचं काय, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडेल त्याचं काय? मग संस्थेने बसची आणि जेवणाची सोय केली. एका गावातली माणसं एकत्र न्यायची, उपचार करून एकत्र परत आणायची. लोक यायला लागले. इतिहासाच्या पुस्तकांत हेल्महोल्ट्झचं नाव असतं, ते असायलाच हवं. गावाकडे परत जाणाऱ्या त्या बसचा ड्रायव्हरही मला त्याच ओळीत बसवावासा वाटतो.

मुलुंड आलं. मुलगा उठला, पण जाताना शेजारच्या माणसाला म्हणाला, "इनको मुंब्रा उतरना है, आंख में दवा डाली है." पायाशी हत्यारांची पिशवी असलेला तो माणूस म्हणाला, "मैं दिवा जा रहा हूं. उतार दूंगा." कागदावर सही करून वस्तू ताब्यात द्यावी, तसा मी एकाकडून दुसऱ्याकडे सोपवला गेलो. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. बरं वाटलं.

कळव्याच्या पुढे खाडी लागते. रोज जिच्याकडे पाहावंसं वाटतं, त्या खाडीचं पाणी त्या दिवशी उकळत्या चांदीसारखं डोळ्यांत आलं. मी तोंड फिरवलं. त्या माणसाने काही न बोलता उठून खिडकी लावली. मुंब्रा आल्यावर दंडाला धरून दारापर्यंत आणलं आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत सोडलं नाही.

बाहेर शेअर रिक्षा केली. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा वीसची नोट कुठली आणि दोनशेची कुठली, कळेना. उन्हात दोन्ही पिवळट. मग अंगठा फिरवला. दोनशेच्या नोटेच्या कडेला उठावाच्या तिरक्या रेघा आणि दोन गोल असतात. ही खूण अंधांसाठी आहे हे मी वर्गात मुलांना सांगितलं होतं. स्वतः कधी हात लावून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत डोळे बरेचसे ताळ्यावर आले. मुलगा आला, त्याला सगळं कळलं होतं. "अब्बा, मला सांगायचं ना!" इतकंच बोलला आणि जेवायला बसला. मी त्याच्या अर्ध्या दिवसाच्या पगाराचा हिशेब केला होता. अम्मीने माझ्या पेपरांचा असाच हिशेब केला असणार. आमच्या घरात एकमेकांची सोय पाहण्याची जी चाल आहे, तिने एक डोळा घेतला होता, आणि मी तीच चाल पुढे चालवत होतो.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना शुगर आहे, त्यांना माझं सांगणं आहे. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. जाताना काळा चष्मा आणि टोपी न्या. सुट्टे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. गाडी चालवू नका, त्या दिवशी तर अजिबात नाही. आणि कुणाला तरी सोबत घ्या. कुणी नसेल तर खोटं न बोलता तसं सांगा आणि शेजाऱ्याला विचारा. त्याला विचारण्यात कमीपणा नाही.

मी निवृत्त आहे, माझ्या दुपारी मोकळ्या असतात. आमच्या गल्लीत शुगर असलेले आणि कधीच पडदा न तपासलेले किती लोक आहेत, हे मागच्या आठवड्यात विचारत फिरलो. चौघांनी हो म्हटलं. पहिले चाचा येत्या मंगळवारी. सिस्टर विचारेल तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलेला असेन.